वळचणीला टांगलेल्या कामट्या

“तुह्या घरच्या बैलायची नावं सांग बरं.”

मोडलेला हात मांडीवर घेऊन तो म्हातारा एवढंच विचारायचा. समोरचा माणूस दुखण्यानं पांढराफटक पडलेला असायचा, तरी बैलांची नावं विचारली की आमच्या झाडीपट्टीतला माणूस उत्तर देतोच. “लाल्या,” तो म्हणायचा, “अना...” त्या ‘आणि’पुढचं दुसरं नाव ओठांवर येईपर्यंत कट्ट आवाज होऊन हाड जागेवर गेलेलं असायचं. मग म्हातारा त्याचं दुसरं ठरलेलं वाक्य बोलायचा. “झालं गा. आता रडून घे.”

ही युक्ती सगळ्या गावाला ठाऊक होती आणि तरी दर वेळी लागू पडायची. एका शहाण्यानं “माह्याकडं एकच बैल हाय” असं सांगून पाहिलं, तर त्याचं हाड पहिल्याच नावाला बसलं. शाळेच्या गुरुजींचा खांदा निखळला तेव्हा जरा पंचाईत झाली, कारण गुरुजींकडे बैलच नव्हते. म्हातारा म्हणाला, “मंग सासुरवाडीच्या लोकायची नावं सांगा, गुरुजी.” गुरुजी थोरल्या मेहुण्यापर्यंत पोचले आणि काम झालं.

मी त्या गावात कंपाउंडर म्हणून गेलो तेव्हा देश स्वतंत्र होऊन तीनेक वर्षं झाली होती. आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडायचा. गोंदियाहून छोट्या लाईनची गाडी धरायची, अर्जुनीला उतरायचं आणि तिथून बैलबंडीनं दीड तास धक्के खायचे. दवाखाना म्हणजे एक खोली, एक टेबल, टिंक्चर आयोडीन, पांढरं मलम आणि खोकल्याचं लाल औषध. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, पावसाळ्यात तेवढेही नाही. बाकीचे सहा दिवस सरकार म्हणजे मीच. वय कोवळं होतं, कपडे पांढरे होते आणि राग नाकावर होता. कपडे आता मळले, राग तेवढा शाबूत आहे.

मोडक्या हातापायांच्या बंड्या माझ्या दारावरून सरळ पुढे जायच्या, म्हाताऱ्याच्या अंगणात. मी दारात उभा असलो तर बंडीवाला रामराम घालायचा, पण बैल थांबवायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. मी तरातरा त्याच्या अंगणात गेलो आणि विचारलं, “बाबाजी, तुम्हाला हे करायचा परवाना कोणी दिला?”

त्यानं माझ्याकडे खालून वर पाहिलं. “कंपोंडरबाबू, तुमच्या बाटल्यायनं हाड बसते का?”

“नाही.”

“मंग बसा. पानी प्या.”

मी बसलो. खरं सांगतो, त्यानंतर दहा वर्षं मी तिथंच बसलेलो होतो. दवाखान्यातलं काम आटोपलं की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे.

दिसायला तो काही खास नव्हता. ठेंगणा, काटक, गळ्यात तुळशीची माळ, घरची थोडी धानाची शेती. त्याचे अंगठे मात्र बघण्यासारखे होते, पुढून चपटे झालेले. हाड चाचपताना तो डोळे मिटून घ्यायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, “डोरे उघडे असले तं बोटायले दिसत नाई.” मग मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळायचं, जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळायची आणि वरून बांबूच्या कामट्या बांधायच्या. कामट्या तो स्वतः तासायचा, प्रत्येकाच्या मापाच्या. बांधून झालं की निघताना बजावायचा, “घट्ट झालं तं सांगजो. बोटायले मुंग्या आल्या तं कवाही येऊन उठव मले. लाजू नको.”

तो कुणाकडून काही घेत नसे. एकच रिवाज होता. हाड जुळलं की माणसानं आपल्या कामट्या स्वतःच्या हातानं परत आणायच्या आणि त्याच्या घराच्या वळचणीला टांगायच्या. कामट्या घरी ठेवून घेतल्या तर दुखणं घरातच राहतं, असं लोक मानायचे. त्याच्या घराला चारी बाजूंनी त्या कामट्या लोंबत. वारा सुटला की एकमेकींवर आपटून खडखड वाजायच्या आणि अंगणातल्या कोंबड्या उगाच दचकायच्या.

आणखी एक गोष्ट होती. ती मी मुद्दाम मागे ठेवली, कारण ती सांगायला मला आवडत नाही.

हाड ओढण्याआधी तो दुखणाऱ्याला मोहाची दारू पाजायचा. पळसाच्या पानाचा दोना, त्यात चार घोट. स्वतः माळकरी, कधी थेंबाला शिवला नाही. पण घरातल्या फडताळात एक बाटली भरून ठेवलेली असायची. त्याच्या बापानंही हेच केलं होतं आणि आज्यानंही. दोना रिकामा झाला की थोडा वेळ थांबायचं, अंग सैल पडलं की बैलांची नावं विचारायची. लहान पोर असलं तर दोन घोट. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही वाटलं नाही. दुखणं थांबवायला माझ्या टेबलावर होतं तरी काय?

पतिरामला मी पहिल्यांदा पाहिलं ते या दोन्यासमोर. अकरा वर्षांचा असेल. बाप नव्हता, माय दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवणीला जायची. जांभळं काढायला चढला आणि फांदीसकट खाली आला. कोपर निखळलं होतं. त्यानं दोना तोंडाला लावला, ठसकला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. म्हाताऱ्यानं बैलांची नावं विचारली. पतिरामनं आपल्या घरच्या एकुलत्या बैलाचं नाव सांगितलं, मग शेजारच्यांच्या बैलांची, मग पाटलाच्या गोठ्यातल्या सगळ्या जोड्यांची. कोपर केव्हाच बसलं होतं, तरी पोरगं थांबेना. सगळं अंगण पोट धरून हसलं. मीही हसलो. म्हातारासुद्धा हसला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, “बस गा, आता गावातले बैल सरले.”

महिन्याभरानं पोरानं कामट्या आणून टांगल्या आणि निरागसपणे विचारलं, “बाबाजी, अखीन कवा पडू?” पुन्हा हशा झाला. ही गंमत मी गोंदियात मित्रांना किती वेळा सांगितली असेल, त्याचा आज मला पश्चात्ताप होतो.

पुढची सहा-सात वर्षं सांगण्यासारखं काही घडलं नाही, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. पोरं मोठी झाली. दिवाळीनंतरच्या मंडया, म्हणजे गावजत्रा, आल्या, लग्नं आली, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, आली, की म्हाताऱ्याच्या अंगणात गर्दी व्हायची. कुणी मंडईहून परतताना बंडीतून झोपेतच खाली पडलेला, चाक घोट्यावरून गेलेलं. कुणी तलावाच्या पाळीवरून पैज लावून उडी मारलेली, तीही कोरड्या बाजूला. कुणी वरातीत नाचताना विहिरीच्या कठड्यावर चढलेला. सगळे अठरा-वीसच्या आतबाहेरचे आणि सगळ्यांच्या तोंडाला मोहाचा वास. त्यांना दोना देण्याची गरजच उरली नव्हती.

एकदा असंच तीन पोरांना बांधून झाल्यावर म्हातारा हात धूत मला म्हणाला, “बाबू, हे पोट्टे काऊन इतके पडून राह्यले? जमीन तं तेच हाय.”

मी त्या दिवशी आधीच चिडलेलो होतो. कशावरून ते आता आठवतही नाही. पण जीभ सुटली. “जमीन तीच आहे, बाबाजी. पण यांना चव कोणी लावली? अर्ध्या गावाच्या पोरांनी पहिला घोट या अंगणात घेतला.”

तो ओले हात धोतराला पुसत राहिला, वाळले तरी पुसत राहिला. मला वाटलं, लागलं बोलणं, जाऊ दे, उद्या विसरेल. विसरला नाही. पुढच्या वेळी गळ्याजवळचं हाड मोडलेला एक पोरगा आला तेव्हा त्यानं बैलांच्या नावांआधी दुसराच प्रश्न विचारला.

“पयला घोट कोनाच्या हातचा गा?”

“तुमच्याच हातचा, बाबाजी,” पोरगा आनंदानं म्हणाला. “लहानपनी मनगट मोडलं होतं ना. काऊन?”

“काई नाई.”

त्यानंतर तो प्रत्येकाला विचारायला लागला. कुणाचा पहिला घोट काकाच्या लग्नातला होता, कुणाचा बापाच्या उष्ट्यातला. पण ‘तुमच्याच हातचा’ म्हणणारेही येत राहिले, आणि ते उत्तर देताना पोरं हसायची, जणू काही त्याचे उपकारच स्मरताहेत. मला तिथं बसवेना. मी बोललो नसतो तर बरं झालं असतं, असं हजारदा वाटलं.

एका सकाळी त्यानं फडताळातली बाटली काढून गोठ्यामागे ओतली. “आजपासून बंद,” म्हणाला. मी मान डोलावली. फार मोठं काम झालं असं मला वाटलं.

आठवडाभरात शेजारच्या गावातून मांडीचं हाड मोडलेला एक पोरगा आला. हा बिचारा दारू पिऊन पडलेला नव्हता. बैलानं पाडलं होतं. दोघांनी खांदे धरले, मी पाय धरला. म्हाताऱ्यानं बैलांची नावं विचारली, पण ज्यानं पाडलं त्या बैलाचं नाव सांगताना पोरगा असा किंचाळला की त्याच्या बापानं म्हाताऱ्याचे हात झटकून टाकले. “मानूस हा का कसाई?” म्हणत त्यानं पोराला तसंच उचलून बंडीत घातलं. आम्ही मागे धावलो. बंडी थांबली नाही. तो पोरगा आजन्म लंगडा राहिला.

त्या संध्याकाळी म्हातारा पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात आला. टेबलावरच्या बाटल्या एकेक उचलून पाहिल्या आणि म्हणाला, “सरकारकडे दुखनं थांबवाचं काई असन ना, बाबू? लिहून पाहा ना एक अर्ज.”

मी लिहिला. चांगला दोन पानी लिहिला. पावसाळा गेल्यावर उत्तर आलं की कायमचा डॉक्टर नसलेल्या दवाखान्याला तसली औषधं देता येत नाहीत. त्यानं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग कागद हातात घेऊन त्याच्यावर अंगठा फिरवला. “कागद चांगला हाय,” म्हणाला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी फडताळात बाटली परत आली होती. मी तिच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. काढून करणार काय होतो?

पतिराम आता अठरा वर्षांचा झाला होता. मिशी फुटली होती, खांदे भरले होते आणि बैल हाकावेत तर त्यानंच. थंडीत चुरणी आटोपली की आमच्याकडे गावोगाव बैलांच्या शर्यती होतात. त्यांना पट म्हणतात. पाटलाची जोडी पतिराम हाकायचा. हाकण्याआधी पिणं आणि जिंकल्यावर पिणं हे ठरलेलंच. हरल्यावरही प्यायचाच. त्याची माय मला म्हणायची, “बाबू, तुमी शिकले-सवरलेले हा, सांगा ना त्याले.” मी सांगायचो. तो ऐकून घ्यायचा, माझ्या पाया पडायचा आणि तसाच दारूकडे जायचा. इतका गोड पोरगा होता की त्याच्यावर धड रागावताही यायचं नाही.

त्या वर्षीच्या पटात तो छकड्याच्या धुरेवरून पडला आणि चाक हातावरून गेलं. भर दुपारी चार दोस्तांनी त्याला उचलून अंगणात आणलं. पाचही जण झिंगलेले. कोपराखालची दोन्ही हाडं मोडलेली होती आणि पतिराम हसत होता.

“बैलायची नावं सांग,” म्हातारा म्हणाला.

पतिरामनं लहानपणासारखी सगळ्या गावाची सुरू केली. हाडं ओढली, बसली, पट्टी झाली, कामट्या झाल्या. त्यानं हूं की चूं केलं नाही.

“दुखलं का?”

“नाई.”

“घट्ट होऊन राह्यलं का?”

“नाई, बाबाजी. फुलावानी हाय.”

म्हाताऱ्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुखणं हाच त्याचा वाटाड्या होता. कुठं ढिलं करायचं, कुठं आवळायचं ते त्याला समोरच्याच्या ‘आई गं’वरून कळायचं. त्यानं धावत आलेल्या पतिरामच्या मायला बाजूला घेऊन सांगितलं, “त्याची उतरली का मले बोलाव. मंग खरं काय ते समजन.”

पण ती उतरलीच नाही. दोस्तांनी उतरू दिली नाही. दोस्ताला दुखू नये म्हणून पोरं पाळीपाळीनं बाटली घेऊन जायची, आजाऱ्याला पेज न्यावी तशी. माय बघत होती, पण पोरगा शांत झोपतो म्हणून तीही गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा जाऊन आला, तर ती दारातच म्हणाली, “आताच डोरा लागला त्याचा.” तो परत फिरला. दुपारी मी गेलो. पतिराम खाटेवर बसला होता, हात गोधडीखाली. “दुखत नाई, बाबू. एकदम मस्त,” म्हणाला. मला बरं वाटलं. मी ती गोधडी उचलली नाही. इतकी वर्षं कंपाउंडरकी केलेला माणूस मी, एक गोधडी उचलली नाही. यापुढे मला काय दूषण द्यायचं ते तुम्हीच द्या.

तिसऱ्या दिवशी खोलीत वास यायला लागला. माय धावत आली. मी कात्रीनं पट्ट्या कापल्या. बोटं काळी पडली होती. म्हातारा माझ्या मागोमाग आला, खाली बसला आणि एकेक नख दाबून बघायला लागला. जिवंत बोटाचं नख दाबलं की पांढरं होतं आणि सोडलं की परत लाल होतं. तसं होतं का ते तो पाहत होता. पाचही बोटं दाबून झाली. मग त्यानं परत पहिल्यापासून सुरुवात केली.

पतिरामची आता पुरती उतरली होती. त्यानं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. “बाबाजी,” तो घाबऱ्या आवाजात म्हणाला, “दुखत तं नाई ना.”

आम्ही त्याला गाडीनं गोंदियाला नेलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात पाहिला आणि कोपराच्या वरून कापावा लागेल म्हणाले. जीव वाचवायला दुसरा इलाज नव्हता. मग व्हरांड्यात येऊन त्यांनी विचारलं, “ये पट्टी किसने बाँधी थी?” म्हातारा बाकावरून उठला. शाळेतल्या पोरासारखा त्यानं हात वर केला. “मैंने,” म्हणाला. डॉक्टर बरंच बोलले. ते बोलणं खोटं नव्हतं. दोस्तांच्या बाटल्यांचं मी सांगू शकलो असतो, गोधडीचंही सांगू शकलो असतो. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो.

त्यानंतर त्यानं हाड धरलं नाही. बंडी आली की तो अंगणातूनच माझ्या दवाखान्याकडे बोट दाखवायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्या बंड्या माझ्या दारात थांबायला लागल्या, आणि माझ्याकडे होतं काय? टिंक्चर. मी लोकांना गोंदियाला जा म्हणायचो. काही जायचे, बरेचसे नाही जायचे, वाकडे हात घेऊन घरी बसायचे. पोरं पडायची थांबली नाहीत. म्हातारा पुढे दोन वर्षांनी साध्या तापानं गेला. त्या दोन वर्षांत तो हात काखेत खुपसून बसायचा, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत आणि त्यानं फक्त सांभाळायला घेतले आहेत.

त्याची आठवण निघाली की मला दिसते ती हात कापला त्या वर्षीच्या पोळ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. मी त्याच्या अंगणात बसलो होतो. पतिराम आला. उजवी बाही रिकामी लोंबत होती आणि डाव्या हातात त्याच्याच मापाच्या दोन कामट्या. मायनं त्या जपून ठेवल्या होत्या. एवढ्या सकाळीही त्याच्या तोंडाला वास होता.

“माय म्हने, वापस करा लागते,” तो म्हणाला. “टांगून द्या ना, बाबाजी. एका हातानं गाठ येत नाई.”

म्हातारा उठला. कामट्या घेतल्या, वळचणीखाली गेला आणि सुतळी बांधायला लागला. डोळे मिटून हाडं जुळवणारी ती बोटं. पण गाठ काही बसेना. सुतळी निसटायची, तो परत धरायचा, परत निसटायची. पतिराम बघत होता. मग त्याच्या काय मनात आलं कोण जाणे, म्हाताऱ्याच्या खांद्यावर डावा हात ठेवून तो मायेनं म्हणाला, “बाबाजी, तुमच्या घरच्या बैलायची नावं सांगा बरं.”

“राजा,” म्हातारा म्हणाला. “अना...”

दुसरं नाव आलं नाही. मी पुढे होऊन त्याच्या हातातून सुतळी घेतली आणि गाठ मारली.

“झालं, बाबाजी,” पतिराम म्हणाला. “आता रडून घ्या.”

एवढं बोलून तो हसत हसत अंगणाबाहेर पडला आणि तलावाच्या पाळीकडे वळला. दारू तिकडेच मिळायची. आम्ही दोघं वळचणीखाली उभे होतो. त्याला हाक मारावी असं दोघांच्याही तोंडावर आलं होतं, पण हाक मारून पुढे काय सांगायचं ते आम्हाला माहीत नव्हतं.